मुंबईत ट्रायथलॉनचा सराव : जागा ठरवते ती वेळ

मुंबई : पहाटे साडेपाच वाजता मरीन ड्राइव्हवर उभे राहिले, की ट्रायथलॉनपटूला लागणाऱ्या तिन्ही गोष्टी एकमेकींना खेटून असलेल्या दिसतात. एका बाजूला समुद्र, त्याला लागून रुंद पदपथ आणि पदपथापलीकडे जवळजवळ सपाट डांबरी रस्ता. पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे या तिन्हींची सोय निसर्गाने आणि नगररचनेने एकाच ठिकाणी करून ठेवली आहे, असे वाटावे. प्रत्यक्षात कठड्यापलीकडे सिमेंटचे टेट्रापॉड पसरलेले असल्याने येथून पाण्यात उतरता येत नाही. रस्ता तासाभरात वाहनांनी भरतो. उरतो तो पदपथ, आणि त्यावर हक्क सांगणारे अनेक असतात.

देशातील जवळपास प्रत्येक महानगरात ट्रायथलॉनची तयारी करणाऱ्यांपुढे हीच अडचण उभी राहते. खेळाला आवश्यक ते सारे शहरात असते, पण ते खेळाडूसाठी मोकळे नसते. म्हणून सरावाच्या जागेचा शोध नकाशावर सुरू झाला तरी तेथे संपत नाही. तीच जागा एका वेळी उत्तम आणि दुसऱ्या वेळी जीवघेणी ठरू शकते. कोणत्या वेळी कोणती जागा वापरण्याजोगी असते, हे कळणे हा या तयारीचा पहिला धडा आहे. मुंबईच्या उदाहरणावरून तो चांगला समजतो.

खेळ आणि त्याची मागणी

पोहणे, सायकलिंग आणि धावणे हे तीन प्रकार सलग, मध्ये विश्रांती न घेता पूर्ण करणे म्हणजे ट्रायथलॉन. आधुनिक स्वरूपातील पहिली स्पर्धा १९७४ मध्ये अमेरिकेतील सॅन दिएगो येथे झाली. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये या खेळाचा समावेश झाला आणि २००६ च्या दोहा आशियाई क्रीडा स्पर्धेत तो प्रथमच खेळला गेला. ऑलिंपिक अंतराच्या स्पर्धेत दीड किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकलिंग आणि १० किलोमीटर धावणे असते. नवोदितांसाठी असलेल्या स्प्रिंट प्रकारात ही अंतरे निम्मी होतात. ‘अर्ध आयर्नमॅन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्पर्धेत १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकलिंग आणि २१.१ किलोमीटर धावणे अपेक्षित असते; पूर्ण आयर्नमॅनची अंतरे याच्या दुप्पट आहेत.

भारतीय हौशी खेळाडूंमध्ये या खेळाविषयीचे आकर्षण वाढण्यास गोव्यातील स्पर्धा मोठ्या प्रमाणात कारणीभूत ठरली. २० ऑक्टोबर २०१९ रोजी पणजीजवळील मिरामार किनाऱ्यावर देशातील पहिली ‘आयर्नमॅन ७०.३’ स्पर्धा झाली. त्याआधी अशा स्पर्धेसाठी परदेशी जावे लागे. आता नोकरी सांभाळून तयारी करणारे अनेक जण गोव्याचे लक्ष्य डोळ्यांपुढे ठेवतात. त्यांचा बहुतेक सराव मात्र महानगरात होतो. गोव्यात समुद्रावर सुरक्षारक्षक तैनात असतात आणि सायकलींचा मार्ग वाहतुकीपासून मोकळा ठेवलेला असतो. सरावाच्या काळात यातले काहीही हाताशी नसते.

धावणे : सर्वांत सोपे, तरी हवेवर अवलंबून

तिन्ही प्रकारांत धावण्याची जागा सहज मिळते. मरीन ड्राइव्हचा अर्धवर्तुळाकार पदपथ सुमारे ३.६ किलोमीटर लांब आहे. दादरच्या शिवाजी पार्कभोवतीची फेरी सव्वा किलोमीटरच्या आतबाहेर भरते. वरळीची सागरी किनार, वांद्र्याचा कार्टर रोड, महालक्ष्मीचे रेसकोर्स आणि जुहूची ओली वाळू हे धावपटूंचे जुने पट्टे आहेत. चढाची सवय करायची असल्यास बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या वनक्षेत्रात प्रवेशद्वारापासून कान्हेरी लेण्यांकडे जाणारा रस्ता वळणे घेत चढत जातो. येथे बिबट्यांचा वावर असल्याने ठरवून दिलेल्या वेळेत आणि मुख्य रस्त्यावरच धावणे शहाणपणाचे.

धावण्याच्या बाबतीत खरी अडचण हवेची आहे. विश्रांतीच्या अवस्थेत माणूस मिनिटाला साधारण सहा ते आठ लिटर हवा आत घेतो. जोरकस व्यायामात हे प्रमाण ६० लिटरच्याही पुढे जाते, आणि श्वास नाकाऐवजी तोंडाने घेतला जातो. हवेतील सूक्ष्म कण त्याच पटीत फुप्फुसांत उतरतात. हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची हवा थंड आणि वरची तुलनेने उबदार असते. त्यामुळे धूर व धूळ वर न जाता खालीच कोंडून राहतात. त्यातच पहाटेचे वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहत असल्याने किनाऱ्यावर धावणाऱ्यालाही शहराचीच हवा मिळते. दुपारकडे समुद्राचा वारा सुरू झाला की चित्र पालटते.

वाहतुकीच्या दृष्टीने सर्वांत सुरक्षित असलेली पहाटेची वेळ अशा रीतीने हिवाळ्यात हवेच्या दृष्टीने सर्वांत वाईट ठरू शकते. हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक ५० पर्यंत ‘चांगला’, १०० पर्यंत ‘समाधानकारक’, २०० पर्यंत ‘मध्यम’ आणि त्यापुढे ‘खराब’ मानला जातो. तो २०० च्या वर असताना वेगाचा सराव टाळून घरात व्यायाम करणे किंवा धावण्याची वेळ संध्याकाळवर नेणे श्रेयस्कर. दिल्ली आणि परिसरातील खेळाडूंना दर हिवाळ्यात हे वेळापत्रक कित्येक आठवडे पाळावे लागते.

सायकल : अखंड रस्त्याचा शोध

ट्रायथलॉनमधील सर्वाधिक वेळ सायकलवर जातो. ९० किलोमीटर अंतर ताशी २८ किलोमीटर वेगाने कापायचे म्हटले तरी सव्वातीन तास लागतात. या काळात पायांवर सतत एकसारखा भार राहणे हे सरावाचे मर्म आहे. दर चारशे मीटरवर लाल दिवा लागला, की पाय थांबतात आणि स्नायूंना नकळत विश्रांती मिळते. शहरात चालवलेले ९० किलोमीटर आणि स्पर्धेतले ९० किलोमीटर यांत म्हणूनच मोठी तफावत असते.

मुंबईत गेल्या काही वर्षांत अखंड, सिग्नलविरहित रस्ते अनेक झाले. २००९ मध्ये वांद्रे-वरळी सागरी सेतू आला. पूर्व मुक्त मार्ग झाला. जानेवारी २०२४ मध्ये सुमारे २१.८ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला आणि त्याच वर्षी मार्चपासून किनारी रस्ता टप्प्याटप्प्याने वाहतुकीस मिळाला. यांपैकी एकाही मार्गावर सायकलला प्रवेश नाही. शहरातील सर्वांत सलग रस्ते नेमके मोटारींसाठी राखीव आहेत. वांद्रे-कुर्ला संकुलात आखलेली सायकलपट्टी सायकलस्वारांच्या फारशी उपयोगी पडली नाही. पवई तलावाच्या काठाने मार्ग बांधण्याचा महापालिकेचा प्रकल्प मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये बेकायदा ठरवला. पाणथळ जागेवर भराव टाकून सायकलमार्ग उभारणे पर्यावरणाच्या नियमांत बसणारे नव्हते. सायकलीसाठी जागा हवी, पण ती तलाव बुजवून नको, हा त्यातला बोध नगररचनाकारांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे.

उरतात ते सार्वजनिक रस्ते. दक्षिण मुंबईत मरीन ड्राइव्हवर फेऱ्या मारणे हा जुना पर्याय आहे. जाऊन-येऊन एक फेरी ७.२ किलोमीटरची होते. स्प्रिंट अंतराचे २० किलोमीटर तीन फेऱ्यांत भरतात, पण ९० किलोमीटरसाठी साडेबारा फेऱ्या लागतात आणि तोवर रस्ता जागा झालेला असतो. पूर्व द्रुतगती महामार्ग आणि नवी मुंबईचा पाम बीच रस्ता येथे लांब, सरळ पट्टे मिळतात. मात्र अशा मोकळ्या रस्त्यांवर पहाटे मोटारीही भरधाव असतात. इंटेल इंडियाचे माजी प्रमुख अवतार सैनी २८ फेब्रुवारी २०२४ रोजी पहाटे सहकाऱ्यांसह सायकल चालवत असताना पाम बीच रस्त्यावर मागून आलेल्या टॅक्सीच्या धडकेने मृत्युमुखी पडले. अनुभवी सायकलपटू, गटाने केलेला प्रवास आणि पहाटेची वेळ, या साऱ्या काळज्या घेतलेल्या असूनही ही दुर्घटना घडली.

रिकामा रस्ता म्हणजे सुरक्षित रस्ता, हा समज त्यामुळे बाजूला ठेवावा लागतो. जाणकार प्रशिक्षक रस्ता निवडताना वाहनांच्या संख्येइतकेच त्यांच्या वेगाकडे पाहतात. रस्त्याला रुंद कडेपट्टी आहे का, बंदराकडे जाणारे कंटेनर त्या मार्गाने धावतात का, डावीकडून येऊन मिळणारे जोडरस्ते किती आहेत, आणि मदत लागल्यास वाहन किती वेळात पोहोचेल, हे प्रश्न आधी विचारले जातात. पुढचा-मागचा दिवा, हेल्मेट आणि परावर्तक पट्ट्या यांना पर्याय नाही. संपूर्ण उजाडेपर्यंत महामार्गावर न उतरण्याचा नियम अनेक गट पाळतात. आठवड्यातील वेगाचा सराव घरात, सायकलचे मागचे चाक यंत्रावर बसवून करायचा आणि रस्त्यावर केवळ रविवारची लांब फेरी ठेवायची, ही पद्धतही रूढ होत आहे. तिचे कारण आळस नसून रस्त्याविषयीचे भान आहे.

हैदराबादने याबाबत वेगळा मार्ग चोखाळला. तेथील बाह्यवळण रस्त्यालगत २३ किलोमीटरचा स्वतंत्र सायकलमार्ग २०२३ मध्ये खुला झाला. त्यावर सौर पॅनेलचे छत असल्याने उन्हापावसापासून बचाव होतो आणि वीजही निर्माण होते. त्यातील लांब पट्टा साडेचौदा किलोमीटरचा आहे. म्हणजे ९० किलोमीटर अंतर तीनहून किंचित अधिक फेऱ्यांत, एकाही मोटारीची भीती न बाळगता पूर्ण होते. बंगळुरूचे सायकलपटू शहराबाहेर सुमारे ६० किलोमीटरवरील नंदी टेकड्यांकडे जातात, तर पुणेकरांना कात्रज आणि बोपदेवसारखे घाट जवळ आहेत. चेन्नईत पूर्व किनारा मार्ग सायकलपटूंच्या परिचयाचा आहे. यांतील प्रत्येक शहराने एक प्रश्न सोडवला आहे. तिन्ही प्रश्न सोडवलेले शहर अद्याप विरळच.

पोहणे : तलावात शिकावे, समुद्रात समजावे

सर्वांत कठीण शोध पाण्याचा. मुंबईत महापालिकेचे तरणतलाव आहेत. दादरच्या महात्मा गांधी जलतरण तलावात आणि अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडा संकुलात पिढ्यान्‌पिढ्या पोहणारे तयार झाले. सार्वजनिक तलावांत ठरावीक वेळेच्या तुकड्या असतात आणि एका वेळी बरीच गर्दी असते. सलग १.९ किलोमीटर पोहण्यासाठी ५० मीटर लांबीच्या तलावात ३८ वेळा, तर २५ मीटरच्या तलावात ७६ वेळा टोक गाठावे लागते. नवोदित, लहान मुले आणि व्यायामासाठी आलेले ज्येष्ठ यांच्या गर्दीत ते अवघड होते. म्हणून तलाव निवडताना त्याच्या लांबीबरोबरच वेगाने पोहणाऱ्यांसाठी स्वतंत्र मार्गिका कोणत्या तुकडीत मिळते, याची चौकशी करावी.

तलावात कितीही पोहले तरी समुद्राची तयारी अपुरीच राहते. तलावात प्रत्येक टोकाला भिंतीला ढकलून क्षणभर विसावा मिळतो, तळाची रेषा दिशा दाखवते आणि घाबरल्यास हात टेकायला काठ असतो. समुद्रात यांतले काहीच नसते. लाटेवरून डोके उचलून खूण हेरायची, शेकडो स्पर्धकांचे हातपाय लागत असताना श्वास सांभाळायचा आणि प्रवाहाने बाजूला ओढले तरी दिशा धरायची, ही निराळी विद्या आहे. शिवाय आपल्याकडील समुद्राचे पाणी उबदार असल्याने थंड देशांतील स्पर्धकांना तरंगण्यास मदत करणारा जाड रबरी पोशाख येथे घालता येत नाही.

हा फरक जीवनमरणाचा असू शकतो. अमेरिकेतील १९८५ ते २०१६ या काळातील ट्रायथलॉन स्पर्धांचा आढावा घेणारा एक वैद्यकीय अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मृत्यू आणि अकस्मात हृदयक्रिया बंद पडण्याच्या १३५ घटनांची नोंद आढळली. त्यांपैकी ९० पोहण्याच्या टप्प्यात घडल्या होत्या. मृतांपैकी अनेकांच्या शवविच्छेदनात आधी लक्षात न आलेले हृदयविकार सापडले. सहभागी स्पर्धकांच्या प्रचंड संख्येच्या मानाने हे प्रमाण लहान आहे. तरीही त्यातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. चाळिशीच्या पुढे तयारी सुरू करताना हृदयाची तपासणी आवश्यक आहे, आणि खुल्या पाण्याची पहिली ओळख स्पर्धेच्या दिवशी होता कामा नये.

मग मुंबईकराने ही ओळख करून घ्यावी कोठे? विहार आणि तुळशी हे तलाव पिण्याच्या पाण्याचे असल्याने तेथे उतरण्यास मनाई आहे. पवई तलावात मगरी आहेत. समुद्रच उरतो. मोसमी पावसाच्या चार महिन्यांत त्याचा विचारही करू नये. आक्सासारखे किनारे प्रवाहांमुळे एरवीही धोकादायक मानले जातात. पाऊस सरल्यावर जुहूसारख्या किनाऱ्यावर मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली गटाने पोहण्याचा सराव करता येतो. त्यासाठी भरती-ओहोटीचे गणित समजावे लागते.

तिथीचे गणित

कोकण किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याचा एक जुना, तोंडी हिशेब प्रचलित आहे. तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. येणारा आकडा हा भरतीचा तास. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. भरती दिवसातून दोनदा येत असल्याने तो सकाळ-संध्याकाळ दोन्हीकडे लागू पडतो. हा हिशेब स्थूल आहे. पाण्यात उतरण्यापूर्वी अधिकृत तक्ता पाहिलाच पाहिजे. पण त्यातून एक महत्त्वाची गोष्ट उलगडते.

पौर्णिमा आणि अमावास्येच्या सुमारास उधाण येते. तेव्हा मुंबईत भरती मध्यान्हीच्या आसपास असते, म्हणजे सकाळी सहाच्या सुमारास पूर्ण ओहोटी असते. पाणी दूर ओसरलेले असते, चिखल आणि खडक उघडे पडलेले असतात आणि परतणारे पाणी वेगाने चढते. मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीच्या पातळीत चार मीटरहून अधिक अंतर पडते. याउलट अष्टमीच्या सुमारास, ज्याला कोळी बांधव भांग म्हणतात, पाण्याची चढउतार सौम्य असते आणि भरती नेमकी सकाळी येते. हिवाळ्यात सूर्योदय सातच्या आसपास असल्याने अष्टमी ते दशमी या तिथींना उजाडता-उजाडता पाणी भरलेले, प्रवाह मंदावलेला आणि किनारा जवळ, असा योग जुळून येतो. महिन्यातून दोनदा, शुक्ल आणि वद्य पक्षांत, तीन-तीन दिवसांची ही संधी असते.

पाण्याच्या शुद्धतेच्या दृष्टीनेही हाच काळ बरा. भरतीबरोबर बाहेरचे पाणी किनाऱ्याशी येते, तर ओहोटीत खाड्या आणि नाले यांतील पाणी बाहेर पडते. मिठी नदी माहीमच्या खाडीत उतरते, इर्ल्याचा नाला जुहूच्या बाजूला समुद्राला मिळतो. अशा मुखांपासून दूर राहणे आणि पाऊस पडून गेल्यावर काही दिवस पाण्यात न उतरणे हा साधा नियम. किनाऱ्यालगतच्या स्नानयोग्य पाण्यासाठी देशातील मानक १०० मिलिलिटरमागे विष्ठाजन्य कोलिफॉर्म जिवाणूंची संख्या १०० असावी, असे सांगते. प्रदूषण नियंत्रण मंडळांच्या तपासणीचे आकडे त्याच्याशी ताडून पाहावेत. ही अडचण केवळ आपली नाही. पॅरिस ऑलिंपिकसाठी सीन नदीच्या शुद्धीकरणावर सुमारे १४० कोटी युरो खर्च झाले. तरीही पावसामुळे पाणी दूषित झाल्याने ३० जुलै २०२४ रोजीची पुरुषांची ट्रायथलॉन एक दिवस पुढे ढकलावी लागली.

समुद्रात एकट्याने उतरू नये, हे येथे पुन्हा सांगावेसे वाटते. कमरेला बांधायचा भडक रंगाचा तरंगता फुगा, सोबत किमान एक अनुभवी जलतरणपटू, किनाऱ्यावर लक्ष ठेवणारी व्यक्ती आणि जीवरक्षकांना दिलेली पूर्वसूचना, एवढी तयारी नसेल तर त्या दिवशी तलावच बरा.

एका आठवड्याची जुळवणी

वरील साऱ्याचा मेळ घातला, की सरावाचा आठवडा आकार घेतो. पोहण्याचे दोन-तीन दिवस तलावात. भांगाचा योग आल्यास त्यांतला एक किनाऱ्यावर. सायकलचे दोन दिवस घरातील यंत्रावर आणि एक लांब फेरी रविवारी उजाडल्यावर. धावण्याचे दिवस हवेचा निर्देशांक पाहून सकाळी किंवा संध्याकाळी. सायकलवरून उतरून लगेच धावण्याचा सराव पायांना जडपणाची सवय लावतो. त्यासाठी रस्ता आणि पदपथ लागून असलेली, सायकल सांभाळायला सोबती असेल अशी जागा हवी. मरीन ड्राइव्ह त्यासाठी आजही उत्तम, मात्र सकाळी सातपर्यंतच.

या जुळवणीत वैयक्तिक शिस्तीचा वाटा मोठा असला तरी सारा भार खेळाडूवर टाकणे न्याय्य नाही. घरातील यंत्र, खासगी तलावाचे सदस्यत्व, शहराबाहेर जाण्यासाठी गाडी हे सर्वांना परवडत नाही. ज्याला ते परवडत नाही, तो एकतर खेळ सोडतो किंवा जोखीम पत्करतो. महापालिकेच्या तलावात आठवड्यातून दोन तुकड्या लांब अंतराच्या जलतरणपटूंसाठी राखणे, हिवाळ्यात एखाद्या किनाऱ्यावर दोर आणि तरंगत्या खुणांनी आखलेली पोहण्याची मार्गिका जीवरक्षकांसह ठेवणे, पाण्याच्या तपासणीचा निकाल किनाऱ्यावर फलकावर लावणे आणि रविवारी पहाटे दोन तास एखादा सलग रस्ता सायकलींना देणे, या मागण्या अवाढव्य खर्चाच्या नाहीत.

एरवी पायी जाण्यास बंदी असलेला वांद्रे-वरळी सागरी सेतू दरवर्षी जानेवारीत मुंबई मॅरेथॉनच्या सकाळी हजारो धावपटूंच्या पायांखाली येतो. त्या दिवशी शहर थांबत नाही. वाहने दुसऱ्या रस्त्याने जातात आणि दुपारपर्यंत सारे पूर्ववत होते. वर्षातील एका सकाळी जे जमते, ते आणखी काही सकाळी जमवता येईल का, हे शहराच्या कारभाऱ्यांनी ठरवायचे आहे. तोपर्यंत खेळाडूने गजर लावताना तिथी, हवा आणि उजाडण्याची वेळ या तिन्ही गोष्टी पाहून घेणेच इष्ट.